लाल वर्तुळातली पुष्पवृष्टी

सरळच सांगते, मला अर्ज लिहिता येत नव्हता. निवेदन लिहिता यायचं. या दोन्हींत फरक असतो हे मला चोविसाव्या वर्षी कळलं, जळगावच्या विमानतळावरच्या एका खोलीत, आई शेजारी बसलेली असताना, एसीमध्ये घाम फुटून.

माझं शिक्षण धुळ्याला झालं. गुणपत्रिकेवर ते बी.ए. आहे, पण मी खरी शिकले ती पत्रकं. कॉलेजमागच्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान ही आमची शाळा. आमच्या गटातल्या एका सीनियर ताईनं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, पत्रक आधी, कार्यक्रम नंतर. एकदा छापलं की मागे फिरायची सोय राहत नाही, मग माणसं आपोआप कामाला लागतात. दुसरी गोष्ट निवेदनाच्या शेवटाची. मागण्या काही असोत, शेवट ठरलेला: 'सदर मागणी तात्काळ मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील.'

ही ओळ आम्ही विचार करून लिहीत नसू. लोक पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' लिहितात, तशी ती हातातून उतरायची. मेसच्या पोळ्या कच्च्या निघाल्या, तीव्र आंदोलन. वाचनालयातला पंखा आवाज करतो, होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार. ज्यांना आम्ही हे द्यायचो ते क्लार्कही ती ओळ वाचत नसत. शिक्का मारायचे, पोचपावती द्यायचे आणि विचारायचे, "चहा घेते का गं?" आणि पंखा दुरुस्त व्हायचा! अशा वातावरणात माणूस बिघडणार नाही तर काय होईल?

बिघडून मी गावी परत आले. आमचं गाव विमानतळाला लागून आहे. पलीकडे धावपट्टी, मग भिंत, मग एका आबांचं गव्हाचं शेत आणि मग आमची वस्ती. विमान उतरताना आमच्या घरातल्या ताटल्या वाजतात. लहानपणी मी त्या आवाजावर किती वाजले ते सांगायचे.

त्या भिंतीच्या आत माझी आई काम करते. सफाईचं काम, ठेकेदारामार्फत. आत जायला फोटो लावलेला पास लागतो. तो पास आई गळ्यात घालते आणि बाजारातही काढत नाही. विचारलं तर म्हणते, "राहू दे, हरपी जाई." हरवण्याचं सोडा, मला खरं कारण माहीत आहे. गावात पंचायतीपासून बँकेपर्यंत कुठेही आईला कुणी दारातच अडवून "काय काम आहे?" असं विचारू शकतं. बंदूकवाला जवान उभा असलेल्या दारातून मात्र तिला रोज 'या मावशी' म्हणून आत घेतात. तो पास ठरावीक काळानं नवा करावा लागतो आणि त्याआधी पोलीस घरी येऊन चौकशी करून जातात. त्या वर्षी ती वेळ एप्रिलच्या शेवटी येणार होती.

आणि एप्रिलमध्ये चौदा एप्रिल असते.

जयंतीची बैठक विहारात भरली. पोरापोरींनी मोबाइलवर कुठल्या तरी मोठ्या शहरातली पुष्पवृष्टी पाहिली होती, हेलिकॉप्टरमधून. सगळ्यांचे चेहरे असे झाले होते की जणू आमच्या डोक्यावर आजवर फूल न पडणं हा अन्याय आहे. मला तर तो अन्याय वाटलाच. मी उठून म्हणाले, "फुलं काय फक्त पैसेवाल्यांच्याच डोक्यावर पडतात का? आपण ड्रोन आणू!"

विहारात असा गलका झाला की बाहेरची कुत्री पळाली.

मी एवढ्या जोरात बोलले, कारण धुळ्याला मामा आहे. मामा लग्नांचं शूटिंग करतो आणि त्याच्याकडे ड्रोन आहे. मामीपेक्षा तो ड्रोनला जास्त जपतो, असं मामीच सांगते. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, चौदा तारखेला ड्रोन पाहिजे."

"कोनं लगीन शे?"

"लग्न नाही, जयंती. वरून फुलं टाकता येतील?"

"अवं, मागला महिनामा नवरदेववर टाकात ना! निम्मा फुलं सासराना डोकावर पडनात, पन पडनात!"

पुन्हा गलका. कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते रेल्वेतून निवृत्त झालेले सावध गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "पोरी, विमानतळ शेजारी आहे. एकदा विचारून घे."

"घेते नाना," मी म्हणाले आणि जळगावला जाऊन आधी पत्रकं छापून आणली. निळ्या शाईत, वर मोठ्या अक्षरांत: 'आकाश कुणाच्या मालकीचं? यंदा आपल्यावरही आकाशातून पुष्पवृष्टी! ड्रोनद्वारे! सायंकाळी ठीक साडेपाच वाजता.' गावात वाटली, शेजारच्या दोन गावांत वाटली, एसटीच्या थांब्यावर चिकटवली. पत्रक आधी.

मग नानांच्या शब्दाखातर विमानतळाला निवेदन लिहिलं. परवानगी मागतोय असं वाटू नये म्हणून 'कळवण्यात येते की' अशी सुरुवात केली. आमच्या वस्तीवर अमुक दिवशी, अमुक वेळी ड्रोन उडेल. त्यात कोणी अडथळा आणू नये. आणि मग हात आपोआप खाली गेला. 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस विमानतळ प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील.' खाली सही, पूर्ण पत्ता, मोबाइल नंबर. प्रत माहितीसाठी: कलेक्टर, एसपी, तहसीलदार, पोलीस ठाणे. गेटवरच्या जवानाकडे पाकीट दिलं. पोचपावती मागितली. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चहाचं काही विचारलं नाही. इथली पद्धत वेगळी असेल, एवढंच मला वाटलं.

आई संध्याकाळी सहाला घरी येते. दुसऱ्या दिवशी ती बाराला आली. उन्हात चालत आलेली, हातात माझ्या निवेदनाची झेरॉक्स. पाणीही न पिता चटईवर बसली आणि म्हणाली, "हाई तू लिखेल शे?"

"हो."

"वाच."

मी वाचायला लागले. सभेत वाचते तशी, आवाज चढवत. शेवटच्या ओळीपाशी आईनं हात वर केला. "हाई ओळ परत वाच. हळू वाच. तू विमानतळवर काम करस आसं समज आन् मंग वाच."

मी वाचली. हळू वाचली. 'ड्रोन उडेल... अडथळा आणू नये... अन्यथा... होणाऱ्या परिणामांस...' आणि तिथेच माझं बोट थांबलं. मेसच्या पोळ्यांना जे चालतं ते विमानतळाला लिहिलं तर त्याला धमकी म्हणतात. सही, पत्ता आणि मोबाइल नंबरासह दिलेली धमकी. पोचपावती घेऊन!

आईला सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावलं होतं. पत्त्यावरून विचारलं, हे घर तुमचंच का? ही मुलगी तुमचीच का? आई म्हणाली, मनीच शे. मग त्यांनी सांगितलं, उद्या तिला घेऊन या, तोपर्यंत तुम्ही घरी थांबा. आणि पासचं नूतनीकरण या चौकशीचं काय होतं त्यावर.

"त्यास्नी पास काढी लिधा का?" मी विचारलं. घाबरले की माझी भाषा आईची होते.

आईनं गळ्यातला पास साडीच्या काठानं पुसला. "आजून नही," ती म्हणाली.

मी आयुष्यात खूप जणांवर चिडले आहे, पण त्या दुपारी कुणावर चिडायचं तेच समजेना. म्हणून सगळ्यांवर चिडले. नियम करणाऱ्यांवर, ड्रोन बनवणाऱ्यांवर, त्या सीनियर ताईवर. आई भाकरी करत होती. ती म्हणाली, "तुनं चिडनं व्हयनं का सांग, मंग जेवाले वाढस."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आईनं धुतलेली साडी नेसली होती, मी पहिल्यांदाच ओढणी नीट घेतली होती. ज्या साहेबांसमोर बसवलं ते दुसऱ्या राज्यातले, पण मराठी शिकलेले. प्रत्येक शब्द तपासून, मगच तोंडाबाहेर काढायचे. त्यांच्यासमोर माझं निवेदन होतं आणि त्यात दोन ठिकाणी लाल रेघ होती.

"तीव्र," ते म्हणाले. "तीव्र म्हणजे किती?"

"म्हणजे साहेब... रस्त्यावर बसतो."

"किती लोक?"

"सात-आठ. सुट्टी असली तर बारा."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग दुसरी रेघ. "आणि 'होणारे परिणाम' म्हणजे कोणते परिणाम?"

"कोणतेच नाहीत साहेब! ती ओळ असतेच! सगळ्यात असते!"

"पुरावा आहे?"

पुरावा होता. माझ्या मोबाइलमध्ये धुळ्यापासूनची सगळी निवेदनं आहेत. मी एकेक उघडून त्यांच्यासमोर धरली. पंख्याचं. एसटी उशिरा येते त्याचं. मेसच्या पोळ्यांचं. पोळ्यांचं त्यांनी पूर्ण वाचलं, ओठ हलवत. 'पोळ्या मध्यभागी कच्च्या व कडेला करपलेल्या येत असून विद्यार्थिनींमध्ये तीव्र असंतोष आहे... होणाऱ्या परिणामांस...' ते थांबले. चष्मा काढला. खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला. मग ते इतके हसले की शेजारच्या खोलीतून एक जण डोकावून गेला.

"मग पोळ्या सुधारल्या का?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"कडेनं सुधारल्या," मी म्हणाले.

आई हसली नाही. ती पासची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती. तिला पाहून साहेबही गंभीर झाले. त्यांनी संगणकावर नकाशा उघडला. मधोमध धावपट्टी, तिच्याभोवती मोठं लाल वर्तुळ. त्याच्या बाहेर पिवळं, आणि त्याही पलीकडे हिरवं. हिरव्यात ठरलेल्या उंचीपर्यंत ड्रोन उडवता येतो, पिवळ्यात टॉवरला विचारावं लागतं, लालमध्ये वरून परवानगी आल्याशिवाय पातंसुद्धा फिरवायचं नाही. आमची वस्ती शोधायला त्यांना वेळ लागला नाही. ती लाल वर्तुळात इतकी आत होती की काठ बघायला नकाशा लहान करावा लागला.

"परवानगीचा अर्ज करता येतो," ते म्हणाले. "पण तो वर जाईल. चौदा तारखेपर्यंत उत्तर येणार नाही."

मग मला राहवलं नाही. आईनं चिमटा काढला तरी बोलले. "साहेब, हे लाल वर्तुळ आमच्या डोक्यावर आहे, पण आम्हाला कुणी सांगितलं? गावात एक तरी पाटी आहे? लग्नात ड्रोन उडवणाऱ्या पोरांना माहीत आहे? नकाशा मराठीत आहे?"

त्यांनी नकाशाकडे पाहिलं. म्हणाले, "नाही."

"मग?"

"मग तुम्ही पत्रकं लिहिता ना?"

 मी पर्समधून वही काढली आणि तिन्ही रंगांचे नियम लिहून घेतले.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. आधीचं निवेदन मागे घेत आहे आणि त्यात धमकीचा हेतू नव्हता, असा अर्ज लिहून द्या. मी पोलिसांना तसं कळवतो. "पण," ते म्हणाले आणि या वेळी आईकडे पाहून म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या वस्तीवरून ड्रोन उडाला, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. पासचं तर मुळीच नाही."

मी पेन घेतलं. 'कळवण्यात येते की' लिहिलं. आईनं कागदावर बोट ठेवलं. "खोड. 'विनंती' लिख."

लिहिलं. मग म्हणाली, "'कृपया' लिख."

हा शब्द मी कधी लिहिलाच नव्हता. वर 'महोदय', मध्ये 'विनंती', 'कृपया', 'चुकून'. प्रत्येक शब्दाला माझा हात अडखळत होता. एसी सोळावर होता आणि माझ्या कपाळावरून घाम कागदावर पडला. शेवटी आले आणि हातानं सवयीनं 'अ' काढला. 'अन्यथा'चा 'अ'. आई वरून बघत होती. मी त्या 'अ'चं 'आपली नम्र' केलं. आईनं माझ्या पाठीवर थाप मारली, जशी शाळेत पहिला पाढा म्हटल्यावर मारली होती.

बाहेर आलो. पास आईच्या गळ्यात होता. पण गावात पत्रक छापलेलं होतं, तीन गावांत वाटलेलं होतं. 'आकाशातून पुष्पवृष्टी! ठीक साडेपाच!' आणि ड्रोन उडणार नव्हता.

"आता काय करू?" मी म्हणाले.

आम्ही आबांच्या शेताकडेनं चालत होतो. शेतात हडंबा चालू होता. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरला जोडून गहू मळायचं मोठं यंत्र. एका बाजूनं पेंढ्या टाकायच्या, धान्य खाली पडतं आणि भुसा वरच्या नळातून दूर फेकला जातो. भुशाची सोनेरी कमान उन्हात उडत होती आणि पलीकडे ढीग होत होता. आई थांबली. बघत राहिली. मग म्हणाली, "फुलं वरतून पडाले पायजेत ना? मंग पयले वर जाऊ दे त्यास्ले."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. दोघी इतक्या हसलो की आबांनी ट्रॅक्टर बंद केला आणि ओरडले, "काय झालं वो, साप निघाला का?"

आबांना सांगितलं. त्यांना कल्पना इतकी आवडली की गहू राहिला बाजूला. भिंतीला लागून शेत असल्यानं त्यांना घरावर माडी चढवता येत नाही, मोठं झाड लावता येत नाही. उंचीच्या नियमांवर त्यांचा जुना राग. "घेऊन जा हडंबा," ते म्हणाले. "मीच चालवतो. आपल्या हातून एवढं तरी वर जाऊ दे!"

पण आता मी शहाणी झाले होते. गेटवर परत गेले, साहेबांना भेटले आणि त्यांच्यासमोर उभ्यानंच अर्ज लिहिला. त्यात 'कृपया' दोनदा आलं. चौदा तारखेला पुष्पवृष्टीसाठी हडंबा चालवला तर चालेल काय, अशी विनंती.

साहेबांनी अर्ज वाचला. "हे उडतं का?"

"नाही साहेब. ते जमिनीवर उभं राहून फक्त थुंकतं."

"किती उंच?"

"फार तर घराच्या पत्र्याएवढं."

त्यांनी खिडकीतून शेताकडे पाहिलं. वर पाहिलं. मग म्हणाले, "धावपट्टीकडे तोंड करू नका."

चौदा तारखेला चार वाजता मामा आला. धुळ्याहून एसटीनं, मध्ये एरंडोलला चहा पिऊन, पाठीवर काळी बॅग. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी बॅग होतीच.

"मामा, हे काय?"

"राहू दे ना संगे. मी धुयामा रोज उडाडस. काही व्हत नही."

साडेपाचला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन गावांची माणसं. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, डीजे, आणि सगळ्यांच्या माना वर. पत्रकाचा परिणाम! सगळे आकाशात ड्रोन शोधत होते आणि खाली पुतळ्याशेजारी आबांचा ट्रॅक्टर उभा होता त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ट्रॅक्टरवर बसलेल्या आबांनी डोक्यावर निळा फेटा बांधून घेतला होता आणि तो सारखा डोळ्यांवर येत होता. बायकांनी सकाळपासून झेंडूच्या पाकळ्या तोडून सात टोपल्या भरल्या होत्या.

मी खूण केली. आबांनी हडंबा सुरू केला. पहिली टोपली ओतली. नळातून जोरात कमान उडाली आणि तीन गावांच्या डोक्यावर पडली.

भुशाची.

सकाळपर्यंत आबा गहू मळत होते आणि यंत्र साफ करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. यंत्राच्या पोटात साठलेला सगळा भुसा आधी बाहेर आला. पांढऱ्या साड्या पिवळ्या झाल्या. नानांच्या चष्म्यावर भुसा, डीजेवाल्याच्या तोंडात भुसा. बारा-तेरा शिंका एकदम आल्या. आबांनी घाईनं यंत्र बंद केलं. आणि मग पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "ड्रोन! ड्रोन! ड्रोन!" हातात माझी पत्रकं फडफडत होती. मीच छापलेली!

वळून बघते तर मामानं बॅग उघडली होती. ड्रोन बाहेर, पंख उलगडलेले. माझ्या कानाशी म्हणाला, "दोनच मिनिट. कोनले कळाव नही. वर गया, फुलं टाकात, खाले उना."

गर्दी ओरडत होती. माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू? दोन मिनिटं! सगळी माणसं वर बघतील आणि म्हणतील, हिनं केलं! मी आईला शोधलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती, केसांत भुसा. पांढऱ्या साडीवर, जयंतीच्या दिवशीसुद्धा, गळ्यात पास. ती ओरडत नव्हती, खुणाही करत नव्हती. फक्त त्या ड्रोनकडे बघत होती.

मी ड्रोनची बॅटरी काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मामा ओरडला, "आवं, तो मना जीव शे!" मी ट्रॅक्टरच्या चाकावर चढले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "ड्रोन उडणार नाही! पत्रकात मी चुकीचं छापलं. आधी छापलं, मग विचारलं. आपण विमानतळाच्या लाल वर्तुळात राहतो, इथे ड्रोनला बंदी आहे. आणि तो उडाला तर माझ्या आईचा पास जाईल. माझी आई त्या भिंतीच्या आत काम करते. ज्याला पटत नसेल त्यानं मला शिव्या द्या, पण वर बघू नका!"

डीजे केव्हाच बंद झाला होता, आता पोरांचं ओरडणंही थांबलं. आणि त्याच शांततेत तो आवाज आला. संध्याकाळचं विमान. ते आमच्या डोक्यावरूनच उतरतं, पण डीजे बंद असताना, सगळ्यांच्या माना वर असताना, मी ते असं कधी पाहिलं नव्हतं. चाकं बाहेर आलेली, पोटावरची रेघ अन् रेघ दिसत होती. खिडकीत कुणीतरी हात हलवतंय असं पोरांना वाटलं आणि साऱ्यांनी हात हलवले. विमान भिंतीपलीकडे गेलं. मामा ड्रोन छातीशी धरून उभा होता. तोंड उघडं.

"इतलं खाले येस?" तो म्हणाला. मग हळूच ड्रोनचे पंख मिटले आणि बॅग बंद केली.

नाना भुशानं भरलेला चष्मा पुसत म्हणाले, "आबा, यंत्र साफ झालं का? मग चालवा की पुन्हा!"

आबांनी चालवलं. या वेळी नळातून केशरी आलं. झेंडूच्या पाकळ्या, काही अख्ख्या, काही हडंब्यानं चिरलेल्या, मध्ये चुकार गव्हाचा दाणा. त्या पत्र्यांच्या वर गेल्या, तिथे क्षणभर थांबल्यासारख्या झाल्या आणि सगळ्यांवर पडल्या. पुतळ्यावर, झेंड्यांवर, आबांच्या फेट्यावर, नानांवर. गर्दी अशी ओरडली की पुन्हा सुरू झालेला डीजेही मला ऐकू येईना. बायका टोपल्या ओतत होत्या, पोरं फुलांखाली जायला एकमेकांना ढकलत होती. आईनं पदर पसरून पाकळ्या धरल्या आणि सगळ्या माझ्या डोक्यावर ओतल्या. "घे, आकाशमातून!" ती म्हणाली. मामा नाचत होता, पाठीवर बॅग घेऊन, आणि मध्येच येऊन विचारत होता, "बॅटरी कथी शे?"

त्या आठवड्यात मी नवं पत्रक काढलं. लाल, पिवळं, हिरवं, तिन्ही रंगांत. कुठे ड्रोन उडवता येत नाही, कुठे कुणाला विचारायचं, अर्ज किती आधी करायचा. शेजारच्या दोन्ही गावांत वाटलं आणि जळगावातल्या शूटिंगवाल्यांच्या दुकानांत ठेवलं. मथळा मात्र माझाच: 'हे लाल वर्तुळ तुमच्या डोक्यावर आहे, ते तुम्हाला कुणी सांगितलं?' राग कुठेतरी जायला हवा ना.

महिनाअखेरीला चौकशीसाठी हवालदार काका आले. चहा प्यायले. आईला नाव विचारलं, गाव विचारलं, कामाचं विचारलं. मग माझ्याकडे मान केली. "आणि ही मुलगी काय करते?"

वर्षभर आई या प्रश्नाला 'काही नही, कागद रंगाडस' असं उत्तर देत आली होती.

"अर्ज लिखस," आई म्हणाली.

"अस्सं?" हवालदार काकांनी कप खाली ठेवला. "मग ताई, माझाही एक लिहून द्या की. रजेचा. मुलीचं लग्न आहे, दोनदा नामंजूर झाली."

दोनदा नामंजूर! माझे कान तापले. कागद ओढला, पेन उघडलं. 'महोदय' लिहिलं, 'विनंती' लिहिली, 'कृपया' लिहिलं आणि रागानं खाली खाली जात राहिले. आई चहाचे कप उचलायला वाकली. तिनं आधी कागदाची शेवटची ओळ बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"पोर," ती म्हणाली, "तो 'अ' खोड."